आजीचं शिलाई मशीन कोणत्या सालचं? नंबर वाचण्याआधी काय करायचं आणि वाचल्यावर काय

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की मला फोटो येऊ लागतात. पंचवटीतल्या कुठल्याशा वाड्याच्या माळ्यावरून, नाहीतर नाशिकरोडच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून खाली आणलेलं काळं मशीन, त्यावर पुसट झालेली सोनेरी वेलबुट्टी, आणि फोटोखाली एक ओळ: "ताई, हे १८५१ चं आहे ना?"

बहुतेक वेळा नसतं. तो आकडा बिल्ल्यावरून, पेटंटच्या तारखेवरून, एखाद्या सुट्या भागाच्या नंबरावरून किंवा भलत्याच कंपनीच्या, नंबरावरून साल सांगणाऱ्या तक्त्यावरून आलेला असतो. लोक सरळ नंबर शोधायला बसतात, दिसेल तो नंबर इंटरनेटवर टाकतात आणि येईल ते साल नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर करतात. क्रम चुकला की उत्तर चुकतं. आधी बनवणारा ओळखायचा, मग नंबर, मग तक्ता, मग आतली रचना, मग बदललेले भाग, आणि शेवटी घरातले कागद आणि माणसं.

उत्तर काय दर्जाचं मिळेल तेही आधीच सांगते. मशीन सिंगर असेल आणि नंबर शाबूत असेल, तर साल दोन-तीन वर्षांच्या आत सापडतं. उषा किंवा इतर देशी मशीन असेल, तर दशक सापडलं तरी समाधान मानायचं.

## तयारी: मशीन खाली उतरवण्याआधी

सामान घरातलंच लागतं. टॉर्च, भिंग, जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं मऊ कापड, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, लाकडी टूथपिक, शिलाई मशीनचं पातळ तेल, थोडी टाल्कम पावडर, बटर पेपर, पेन्सिल, वही आणि फोन. चांगला स्क्रूड्रायव्हर असेल तर उत्तम. बोथट असेल तर वापरू नका, जुन्या स्क्रूची खाच एकदा झिजली की तो स्क्रू पुन्हा निघत नाही.

हात लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. दोरा जसा ओवलेला असेल तसा, ड्रॉवरमधल्या वस्तू जशा पडल्या असतील तशा. ड्रॉवर उलटा करून झटकायची सवय आपल्याकडे फार आहे. त्यातून पडलेली चिठ्ठीच कधीकधी सगळ्यात पक्का पुरावा असते.

मशीन लाकडी पेटीतलं असेल तर वरच्या झाकणाच्या मुठीला धरून उचलू नका. ते कुलूप शंभरएक वर्षांचं असू शकतं. ते सुटलं की झाकण हातात राहतं आणि मशीन पायावर येतं. खालून दोन्ही हातांनी उचला.

पायडलवालं असेल तर आधी चामड्याचा पट्टा चाकावरून सरकवून सोडवा. मग मशीन मागच्या बिजागरांवर हलकेच मागे कलंडवा. दोऱ्याच्या रिळाची दांडी टेबलाला टेकून वाकणार नाही ना, एवढं बघा. डोकं, म्हणजे स्टँडशिवायचं वरचं मशीन, बिजागरांवरून पूर्ण काढायचं असेल तर दुसरं माणूस बोलवा, बिडाचं डोकं दहा-बारा किलो सहज भरतं.

थांबा: चाक फिरत नसेल तर जोर लावू नका. वय शोधण्यासाठी मशीन चालू असायची गरज नाही.

## टप्पा १: मशीन कोणी बनवलं ते ठरवा

हा टप्पा लोक हमखास गाळतात. "सिंगर लिहिलंय की" म्हणतात. कुठे लिहिलंय, हा माझा पुढचा प्रश्न असतो. स्टँडच्या जाळीवर लिहिलेलं असेल तर ते स्टँडचं नाव. आपल्याकडे स्टँड एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं ही जोडी अगदी नेहमीची आहे. एका मावशीचं पायडल मोडलं म्हणून दुसऱ्या मावशीचं स्टँड आलं, एवढी साधी कारणं असतात.

नाव चार ठिकाणी बघा: वरच्या आडव्या हातावर रंगवलेलं, उभ्या खांबावरच्या धातूच्या बिल्ल्यावर, पाटावर (सुईखालच्या सपाट बैठकीवर) कोरलेलं किंवा ठोकलेलं, आणि पाटाच्या खाली ओतकामातलं. चारही ठिकाणी एकच सांगावा मिळाला तर पुढे चला. विसंगती असेल तर रंगवलेल्या नावावर सगळ्यात कमी विश्वास ठेवा. जुन्या डोक्याला नवा काळा रंग मारून वर सोनेरी छापाची चित्रं चिकटवणं ही जुनीच रीत आहे. रंग खिळ्यांवर, स्क्रूंच्या खाचांत किंवा बिल्ल्याच्या कडेवर चढलेला दिसला, की डोकं पुन्हा रंगवलंय असं समजा.

जर्मन मशीनच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. तिथले कारखाने विक्रेत्याच्या मागणीनुसार त्याचंच नाव हातावर रंगवून देत. त्यामुळे हातावर अनोळखी नाव दिसलं तर तो कारखानदार नसून दुकानदार असण्याची शक्यता मोठी. खरा कारखाना मग बिल्ल्यावरच्या चिन्हावरून किंवा सरकपट्टीवरच्या (बॉबिनवरच्या सरकणाऱ्या पट्टीवरच्या) छापावरून शोधावा लागतो.

आपल्याकडच्या घरांत साधारण काय निघतं? स्कॉटलंडच्या क्लाईडबँकला बनलेली सिंगर, उषा, मेरिट, लुधियानाकडची वेगवेगळ्या नावांची मशीनं, आणि अधूनमधून एखादं जर्मन फाफ. लुधियानाची बहुतेक मशीनं आणि उषाची काळी मशीनं सिंगरच्या १५ नंबरच्या मॉडेलच्या घडणीवर बेतलेली आहेत. त्यामुळे लांबून सगळी सख्खी भावंडं दिसतात. आकारावरून "हे सिंगरच" म्हणणाऱ्यांची चूक इथेच होते.

तपासा: नाव, बिल्ला आणि पाटावरचा छाप यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्या का? नसतील, तर सिंगरचा तक्ता उघडू नका. टप्पा ६ कडे जा.

## टप्पा २: खरा नंबर शोधा आणि नीट वाचा

सिंगरवर नंबर पाटाच्या उजव्या बाजूला असतो, खांबाच्या पायथ्याशी, किंचित उंचवलेल्या छोट्या चौकटीवर. शिवणाऱ्याच्या बाजूने बघितलं की दिसतो. साठीच्या दशकातल्या आणि पुढच्या काही मशीनवर तो पाटाच्या खाली गेलाय. काळ्या मशीनवर मात्र वरच बघायचा.

पाटाखाली, आतल्या दांड्यांवर, सरकपट्टीवर, दाबपायावरही नंबर असतात. ते भागांचे नंबर. कारखान्यात सुटा भाग मागवायला वापरायचे, वयाशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्याबरोबर बऱ्याचदा "सिमॅन्को" असा शब्द दिसतो. हे मॉडेलचं नाव नाही आणि वेगळी कंपनीही नाही. सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी या नावाची ती आखूड जोडणी आहे. "आमचं सिमॅन्को कंपनीचं दुर्मिळ मशीन" असा मजकूर मी विक्रीच्या जाहिरातींत वाचलाय.

आता साफसफाई. नंबरावर मळ, तेलाचा चिकटा किंवा गाळ बसलेला असतो. सराफ बाजार, भांडी बाजाराकडच्या घरांतून आलेल्या मशीनवर गोदेच्या पुराचा बारीक गाळ दगडासारखा घट्ट झालेला मी पाहिलाय. पद्धत अशी:

१. कापसाच्या काडीला मशीनचं तेल लावून नंबरावर ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं विसरून जा.

२. मऊ कापडाने टिपा. घासू नका.

३. खाचेतला गाळ लाकडी टूथपिकने काढा. सुई, टाचणी, ब्लेड नको.

४. तरीही दिसत नसेल तर चिमूटभर टाल्कम पावडर पसरून वरचेवर पुसा. पांढरी पावडर खाचेत राहते आणि आकडे उठून दिसतात.

५. टॉर्च समोरून न धरता अगदी बाजूने, पाटाला जवळजवळ समांतर धरा. आकड्यांच्या कडांना सावली पडते. फोटो तेव्हाच काढा, फ्लॅश बंद ठेवून.

६. शेवटचा उपाय म्हणून नंबरावर बटर पेपर ठेवून पेन्सिल आडवी हलकेच फिरवा. ठसा उमटतो.

सावधान: स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव्य यांतलं काहीही रंगावर लावू नका. जुन्या मशीनवर लाखेचा थर असतो आणि तो स्पिरिटमध्ये विरघळतो. सोनेरी नक्षी त्याच्याबरोबरच जाते. पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश तर नंबराजवळही नको. करोनाच्या काळात सॅनिटायझरने पुसलेली दोन मशीनं माझ्याकडे आली होती, दोन्हींवर पांढुरके ओघळ कायमचे राहिले.

नंबर दोन माणसांनी वेगवेगळा वाचून वेगवेगळ्या कागदावर लिहावा आणि मग ताडून बघावा. झिजलेल्या छापात ३ आणि ८, ० आणि ६, १ आणि ७ यांची गल्लत होते. इंग्रजी अक्षरांत एफ आणि ई, वाय आणि व्ही, सी आणि जी. एका अक्षराच्या चुकीने पंचवीस वर्षांचा फरक पडतो, कारखानासुद्धा बदलतो. पुढचं अक्षर "शोभेचं" म्हणून सोडून देणारे लोकही भेटतात. सिंगरच्या बाबतीत ते अक्षर बाकीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचं आहे.

तपासा: अक्षर आहे का? असेल तर एक की दोन? त्यानंतर आकडे किती? हे तिन्ही वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: सिंगरचा तक्ता कसा वाचायचा

सिंगरच्या कारखान्यांच्या नोंदवह्यांवरून तयार झालेले नंबरांचे तक्ते इंटरनेटवर आहेत. शिलाई मशीन संग्राहकांच्या इस्मॅक्स या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते लावून ठेवलेत, मी तेच वापरते. तक्ता उघडण्याआधी पुढची मोठी चौकट डोक्यात ठेवा, म्हणजे ढोबळ चूक लगेच पकडता येते.

नंबराला अक्षर नसेल, नुसते आकडे असतील, तर मशीन १९०० च्या आधीचं. १८९९ च्या अखेरीस हे आकडे एक कोटी अडुसष्ट लाखांच्या घरात पोहोचले होते. १९०० पासून आकड्यांआधी एक अक्षर आलं, आणि प्रत्येक अक्षराबरोबर आकडे पुन्हा सुरुवातीपासून मोजले गेले. म्हणून अक्षर गाळून नुसते आकडे तक्त्यात शोधले की १९२८ चं मशीन १८८० च्या आसपास जाऊन बसतं. मला येणाऱ्या चुकांतली ही सगळ्यात मोठी.

आपल्याकडे सापडणाऱ्या क्लाईडबँकच्या मशीनवर बहुधा एफ किंवा वाय असतो. एफची मालिका १९१० ला सुरू होऊन विसाच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. वाय तिथून १९३५ पर्यंत. १९३५ मध्ये दोन अक्षरं आली: ईए, मग ईबी, ईसी अशी पुढे. ईई लागली की समजायचं, दुसरं महायुद्ध संपलंय. ईके म्हणजे पन्नासच्या दशकाच्या मध्याकडे. जी हे अक्षर आणि नंतरचं एए अमेरिकेतल्या एलिझाबेथच्या कारखान्याचं, सी जर्मनीतल्या विटेनबर्गेचं, आणि जे पाठोपाठ दुसरं अक्षर असेल तर कॅनडाचं. अशी मशीनं आपल्याकडे कमी दिसतात. दिसलं तर अक्षर पुन्हा एकदा टॉर्चखाली बघा. सी वाटणारं अक्षर झिजलेलं जी असू शकतं.

आता तक्त्यातल्या तारखेचा अर्थ. एका विशिष्ट दिवशी कारखान्याने एखाद्या मॉडेलच्या अमुक हजार मशीनसाठी नंबरांचा गठ्ठा राखून ठेवला, त्या दिवसाची ती तारीख आहे. मशीन त्या दिवशी तयार झालं असं नाही. गठ्ठा पाच-दहा हजारांचा असेल आणि तुमचा नंबर शेवटाकडचा असेल, तर मशीन पुढच्या वर्षीही बनलेलं असू शकतं. मग ते जहाजाने मुंबईला, तिथून नाशिकला, दुकानात काही दिवस, आणि मग घरी. "आमचं मशीन १२ जानेवारी १९२६ ला जन्मलं" असं लिहून त्याचा वाढदिवस करणारं एक कुटुंब मला माहीत आहे. केक चांगला होता, पण तारीख नंबरांच्या गठ्ठ्याची होती.

तक्त्यात नंबरासमोर मॉडेलही दिलेलं असतं, आणि तिथेच पुढच्या टप्प्याचा उपयोग आहे.

## टप्पा ४: आतली रचना नंबराशी जुळते का?

पुढची सरकपट्टी बाजूला सारा आणि आत बघा. तीन प्रकार आपल्याला पुरतात.

लांब, काडीसारखी बॉबिन आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शटल, जे कमानीत मागेपुढे झुलतं: हे सिंगर २७, २८, १२७, १२८ या घराण्यातलं. २८ आणि १२८ आकाराने लहान, हाताने फिरवायची मशीनं बहुतेक यांतलीच.

गोल बॉबिन, जी डाव्या बाजूने केसमध्ये घालून बसवायची: १५ नंबर. आजही बाजारात मिळणारी साधी काळी मशीनं याच वंशातली.

गोल बॉबिन, पण वरून पट्टी सरकवून खाली टाकायची: ६६ किंवा त्याची धाकटी बहीण ९९.

मॉडेलच्या नंबरापुढे "के" असेल तर तो क्लाईडबँकच्या किलबोवी कारखान्याचा.

इथे एक समज खोडून काढायलाच हवा. "लांब बॉबिन म्हणजे फार जुनं, गोल म्हणजे नवं" असं जुने शिंपीसुद्धा सांगतात. लांब बॉबिनचं १२८ के पन्नासच्या दशकातही बनत होतं, आणि गोल बॉबिनचं १५ नंबर एकोणिसाव्या शतकात सुरू झालेलं आहे. तेव्हा बॉबिनवरून वय काढू नका. बॉबिनवरून मॉडेल काढा आणि ते तक्त्यातल्या मॉडेलशी ताडा. तक्ता २८ म्हणतोय आणि आत गोल बॉबिन निघाली, तर नंबर चुकीचा वाचलाय किंवा मशीन सिंगर नाही. टप्पा २ वर परत.

नक्षीचंही तसंच. मिसरी स्फिंक्सचं चित्र असलेली मशीनं लोकांना सगळ्यात जुनी वाटतात, पण ती नक्षी अनेक दशकं वापरात होती. नक्षी साक्षीदार म्हणून चालते, पण तिच्या एकटीच्या साक्षीवर निकाल देऊ नका.

## टप्पा ५: फसवणाऱ्या तारखा आणि बदललेले भाग

पेटंटच्या तारखा. काही मशीनच्या सरकपट्टीवर बारीक अक्षरांत महिने आणि सालं कोरलेली असतात. ती पेटंट मिळाल्याची सालं. त्यांचा उपयोग एकच: सगळ्यात अलीकडची तारीख घ्या, निदान ती पट्टी तरी त्याआधीची नाही. किती नंतरची, हे ती सांगत नाही. मी स्वतः इथे तोंडघशी पडलेय. आत्याच्या मशीनवर एकोणिसाव्या शतकातलं साल वाचलं आणि भर लग्नघरात "हे तुझ्या सासूच्या सासूचं" असं सांगून मोकळी झाले. पुढे नंबर नीट वाचला तर एफ निघाला. आत्या अजून चारचौघांत "ही आमची मशीन-पंडित" म्हणून माझी ओळख करून देते.

१८५१. सिंगरच्या खांबावरचा बिल्ला निळ्या कडेचा असेल आणि त्यावर १८५१ आणि १९५१ ही दोन सालं असतील, तर तो कंपनीच्या शताब्दीचा बिल्ला. मशीन १९५१ च्या आसपासचं, १८५१ चं नाही. आणि बिल्ला बदलता येतो, म्हणून नंबराशी ताळा करा.

मोटर आणि दिवा. मोटर नंतर बसवता येते, आणि हजारो घरांनी वीज आल्यावर बसवली. मोटर आहे म्हणून मशीन नवं ठरत नाही. उलटही तसंच: हाताने फिरवायची मूठ आहे म्हणून ते जुनं ठरत नाही.

स्टँड, टेबल, पेटी. यांचं वय वेगळं लिहा. टेबलाचं सागवान नवं आणि डोकं जुनं, हे चालतं.

मेन रोड, भद्रकाली भागातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रींकडे मशीन नेणार असाल, तर "किती सालचं?" असं विचारू नका. ते सौजन्यापोटी काहीतरी साल सांगतील. "यातलं मूळ काय आणि नंतरचं काय?" असं विचारा. कुठला स्क्रू भलताच आहे, कुठली प्लेट उषाची घालून चालवली आहे, हे त्यांचा हात बरोबर ओळखतो.

## टप्पा ६: उषा आणि इतर देशी मशीन असेल तर

उषाची मशीनं कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकाच्या मध्यापासून बनवली. म्हणजे उषा मशीन शंभर वर्षांचं असू शकत नाही, पणजीने कितीही छातीठोक सांगितलं तरी. सिंगरसारखा सालवार नंबरांचा तक्ता इथे हाताशी नाही. सिंगरच्या तक्त्यात उषाचा नंबर टाकला तर काहीतरी साल निघतंच, कारण तक्ता काही नाव विचारत नाही.

मग आधार कागदांचा. पावती, हमीपत्र, वापराची पुस्तिका, हप्त्याचं कार्ड, पेटीच्या आत चिकटवलेला दुकानाचा कागद. तारीख फाटलेली असली तरी पुढच्या खुणा बघा:

- रक्कम रुपये-आणे-पै मध्ये असेल तर कागद साधारण १९५७ च्या आधीचा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. दुकानदारांच्या हातांना सवय व्हायला थोडा वेळ लागला, तेव्हा एक-दोन वर्षांची सूट द्या.
- "नये पैसे" असं छापलेलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपास.
- पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.
- पत्त्यात "महाराष्ट्र" हे राज्य असेल तर १ मे १९६० नंतरचा. आधीच्या कागदांवर मुंबई इलाखा किंवा मुंबई राज्य सापडतं.
- पावतीवर रेव्हेन्यू तिकीट असेल आणि त्यावर इंग्लंडच्या राजाचा मुखडा असेल तर कागद स्वातंत्र्याआधीचा किंवा लगेच नंतरचा. आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपालाची तिकिटं छापली जातात, तेव्हा तिकिटांची जाण असलेलं एखादं जुनं घर शेजारीच सापडेल. त्यांना तिकिटाचा फोटो दाखवा.

सावधान: कागद दुरुस्तीचा आहे की खरेदीचा, ते आधी वाचा. "पट्टा बदलला, तेलपाणी केलं" अशी पावती १९६१ ची असेल तर मशीन १९६१ चं ठरत नाही. आणि दुकानाच्या छापील पावत्या संपेपर्यंत वापरल्या जातात, म्हणून छापील मजकुरापेक्षा हाताने लिहिलेल्या भागाला जास्त वजन द्या.

## टप्पा ७: घरातल्या माणसांना विचारणं

हा टप्पा मुद्दाम शेवटी ठेवलाय. आधी विचारलं की ऐकलेलं साल डोक्यात बसतं आणि मग झिजलेल्या आकड्यांत नेमकं तेच दिसू लागतं.

"मशीन कधी घेतलं?" या प्रश्नाला "फार वर्षं झाली" एवढंच उत्तर येतं. साल विचारू नका, प्रसंग विचारा. नाशिककरांकडे त्यासाठी घड्याळ तयारच आहे: सिंहस्थ. "त्या सिंहस्थात साधूंच्या कफन्या शिवल्या होत्या का याच्यावर?" असं विचारलं की गाडी रुळावर येते. सिंहस्थ १९५६, १९६८, १९८० आणि १९९१ ला होते. दुसरी खूण १९६९ चा महापूर. मशीन तेव्हा घरात होतं का, वर उचलून ठेवलं होतं का, हे पूर पाहिलेलं माणूस विसरत नाही. तिसरी, १९७२ चा दुष्काळ. चौथी, घरातली लग्नं आणि बाळंतपणं. "धाकट्या काकांची मुंज झाली तेव्हा त्यांचे कपडे याच्यावर शिवले" हे वाक्य कुठल्याही ढोबळ सालापेक्षा पक्कं आहे, कारण मुंजीचं साल पत्रिकेवरून मिळतं.

दोन जणांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं की मोठ्या आत्याबाईंचं खरं होतं आणि बाकीच्या माना डोलावतात.

मिळालेलं साल मशीन घरी येण्याचं असतं, बनण्याचं नव्हे. सेकंडहँड घेतलेली मशीनं भरपूर. देवळालीच्या कॅम्पातून साहेब लोक जाताना सामान विकून गेले, त्यात आलं, अशी गोष्ट अनेक घरांत ऐकू येते. ती खरी असेलही. नंबर १९४७ च्या आधीचा निघाला तर गोष्ट शक्य आहे एवढंच म्हणता येतं. नंबर ईके निघाला तर गोष्ट बाद.

तपासा: घरात आल्याचं साल नंबराच्या सालाआधी पडतंय का? पडत असेल तर तिघांतलं काहीतरी चुकलंय: नंबराचं वाचन, आठवण, किंवा हे ते मशीनच नाही. शेवटची शक्यता हसण्यावारी नेऊ नका. जुनं देऊन नवं घेतलेलं असतं आणि नातवंडांना दोन्ही "आजीचं मशीन" म्हणूनच माहीत असतं.

## टप्पा ८: निष्कर्ष लिहा

एकच साल लिहायचा मोह आवरा. असं लिहा: "डोकं: सिंगर २८ के, क्लाईडबँक. नंबर वायने सुरू, तक्त्यानुसार १९२७. बनलं १९२७-२८. स्टँड नंतरचं, वय माहीत नाही. घरात आलं १९५६ च्या सिंहस्थाआधी, आजीच्या सांगण्यावरून. मोटर नंतर बसवलेली." कुठली गोष्ट कशावरून, हे प्रत्येक वाक्यात असू द्या. उद्या कोणाला पावती सापडली तर नेमकं काय बदलायचं ते कळतं.

किमतीबद्दल एवढंच: वय जास्त म्हणजे किंमत जास्त असं गणित नाही. अशी मशीनं लाखांनी बनली आणि लाखांनी टिकली. "जुन्या सिंगरमध्ये लाल पारा असतो, दहा लाख देतो" असं सांगणारा फोन आला तर ठेवून द्या. ही अफवा २००९ मध्ये सौदी अरेबियात उठली होती आणि अजून फिरते आहे. मशीनमध्ये पारा नसतो. आगाऊ "तपासणी फी" मागणारा माणूस मात्र असतो.

लिहिलेला कागद मशीनला चिकटवू नका, सेलोटेप आणि फेविकॉल दोन्ही रंग घेऊन निघतात. पाकिटात घाला, पाकिटावर नंबर लिहा आणि ड्रॉवरमध्ये सुयांच्या पुडीशेजारी ठेवा. नंबराच्या फोटोची एक प्रत घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या फोनमध्येही असू द्या.